मागे घेतलेले डोहाळजेवण

२०२० साली आश्विन महिना अधिक आला होता. १८ सप्टेंबर ते १६ ऑक्टोबर हा अधिक आश्विन आणि १७ ऑक्टोबरला घटस्थापना, असे त्या वर्षीचे पंचांग होते. महाराष्ट्रात अधिक महिन्यात जावयाला अनारशांबरोबर चांदीचे वाण देण्याची रीत असल्यामुळे सराफाच्या दुकानात थोडीफार वर्दळ असते. परंतु मुहूर्ताची खरी खरेदी थांबलेली असते आणि व्यापाऱ्याचे डोळे दसरा आणि धनत्रयोदशीकडे लागलेले असतात. त्या वर्षी ते नेहमीपेक्षा जास्त लागले होते. टाळेबंदीने उन्हाळ्यातली लग्नसराई आणि अक्षय्य तृतीया दोन्ही बुडवली होती, टायटन कंपनी एप्रिल ते जून या तिमाहीत तोट्यात गेली होती आणि दुकाने हळूहळू पूर्ववत उघडू लागली होती. अशा वेळी टायटनच्या ‘तनिष्क’ या ब्रँडने ‘एकत्वम’ नावाचे नवे दागिने बाजारात आणले आणि त्यांच्यासाठी केलेली पाऊण मिनिटाची जाहिरात अवघ्या काही दिवसांत मागे घेतली. समाजमाध्यमांवर पेटणारे सांस्कृतिक झगडे आणि लोकांचे रोजच्या जगण्यातले मत यांचा परस्परांशी नेमका काय संबंध असतो, हे तपासण्यासाठी हे प्रकरण मला विशेष उपयोगाचे वाटते, कारण या विषयावरचे घरातले मत एका मोठ्या सर्वेक्षणाने वाद सुरू होण्याच्या काही महिने आधीच नोंदवून ठेवले होते.

जाहिरातीची गोष्ट साधी आहे. एका मुस्लिम घरात गर्भवती सुनेच्या डोहाळजेवणाची तयारी चालली आहे. सून हिंदू आहे. ही रीत तर तुमच्या घरात नसते ना, असे ती सासूला विचारते आणि लेकीला आनंदात ठेवण्याची रीत प्रत्येक घरात असते, अशा अर्थाचे उत्तर सासू देते. देशाच्या निरनिराळ्या भागांतली कारागिरी एका दागिन्यात आणली आहे, या कल्पनेला जोडून दोन धर्मांचा एका घरातला संगम दाखवायचा, असा हेतू होता आणि तो जाहिरातीसोबतच्या मजकुरात स्पष्ट लिहिलेलाही होता.

९ ऑक्टोबरच्या सुमारास ही जाहिरात प्रसारित झाली. १२ ऑक्टोबरपर्यंत तनिष्कवर बहिष्कार घालण्याचे आवाहन करणारा हॅशटॅग ट्विटरच्या भारतातील यादीत वर पोहोचला होता. ‘लव्ह जिहाद’ला खतपाणी घालणारी जाहिरात, असा मुख्य आरोप होता. (या संज्ञेची कायद्यात व्याख्या नाही आणि केंद्रीय यंत्रणांकडे असे एकही प्रकरण नोंदलेले नाही, असे उत्तर केंद्रीय गृह मंत्रालयाने त्याच वर्षी फेब्रुवारीत संसदेत दिले होते, वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंपैकी कोणाच्याच तोंडी हे उत्तर फारसे आले नाही.) अभिनेत्री कंगना रनौत यांनी जाहिरातीवर टीका केली, खासदार शशी थरूर यांनी तिची बाजू घेतली आणि मग वाहिन्यांना संध्याकाळच्या चर्चेचा विषय मिळाला. कंपनीने आधी यूट्यूबवरच्या प्रतिक्रिया बंद केल्या आणि १३ ऑक्टोबरला जाहिरातच काढून घेतली. त्या दिवशी टायटनचा समभाग सुमारे अडीच टक्क्यांनी खाली गेला. कंपनीच्या निवेदनात दुखावलेल्या भावनांचा उल्लेख होता, तसाच आपले कर्मचारी, भागीदार आणि दुकानांतले सेवक यांच्या सुरक्षिततेचाही होता.

निवेदनातला हा दुसरा उल्लेख मला पहिल्यापेक्षा अधिक महत्त्वाचा वाटतो. कंपनीतल्या एका मुस्लिम अधिकाऱ्याचे नाव आणि वैयक्तिक माहिती तोपर्यंत समाजमाध्यमांवर फिरू लागली होती. कच्छमधल्या गांधीधाम येथील तनिष्कच्या दुकानाच्या दारावर गुजरातीत लिहिलेला माफीनामा लागला होता. त्या दुकानावर जमावाने हल्ला केल्याची बातमी आली, ती देशभर पसरली आणि नंतर पोलिसांनी ती नाकारली. काही लोक येऊन माफीची मागणी करून गेले होते आणि धमकीचे फोन आले होते, एवढेच पुढे आले. जाहिरातीच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही न झालेला हल्ला तासाभरात घरोघरी पोहोचवला, ही गोष्ट या प्रकरणाच्या नोंदीत राहायला हवी. आपल्या बाजूला घाबरवणारी बातमी खरी मानण्याची घाई कोणत्याही एका गटाची मक्तेदारी नाही.

जाहिरात मागे गेल्यावर दोन स्पष्टीकरणे ताबडतोब तयार झाली. समाजाने आपली नापसंती दाखवली आणि कंपनीला समाजापुढे झुकावे लागले, हे बहिष्कारवाल्यांचे स्पष्टीकरण. मूठभर पगारी जल्पकांनी कंपनीला घाबरवले, खरा भारत असा नाहीच, हे विरुद्ध बाजूचे. पहिल्यात समाजमाध्यमालाच समाज मानले आहे, तर दुसऱ्यात समाजमाध्यमाबाहेरचा समाज हा आपल्याच मताचा असणार, असे गृहीत धरले आहे. हाती असलेली माहिती या दोन्हींच्या विरोधात जाते.

बोलणारे किती होते

ट्विटरपासून सुरुवात करू. फेब्रुवारी २०२१ मध्ये माहिती तंत्रज्ञान मंत्री रविशंकर प्रसाद यांनी समाजमाध्यमांसाठीचे नवे नियम जाहीर केले, तेव्हा सरकारने वापरकर्त्यांचे आकडे दिले होते: व्हॉट्सअ‍ॅप ५३ कोटी, यूट्यूब ४४.८ कोटी, फेसबुक ४१ कोटी, इन्स्टाग्राम २१ कोटी आणि ट्विटर १.७५ कोटी. म्हणजे ज्या ठिकाणी हा वाद पेटला, तिथे देशाच्या लोकसंख्येपैकी जेमतेम सव्वा टक्का लोकांची खाती होती आणि त्यांतलेही सगळे बोलणारे नसतात. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने २०१९ मध्ये तिथल्या प्रौढ वापरकर्त्यांचा अभ्यास केला, तेव्हा सर्वाधिक लिहिणाऱ्या दहा टक्क्यांनीच ऐंशी टक्के ट्वीट लिहिल्याचे आढळले होते. हा आकडा भारताला जसाच्या तसा लावता येणार नाही, परंतु आपल्याकडे याहून फार वेगळे असेल असे मानायलाही कारण नाही. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात दीडशे सभासद असतात आणि लिहिणारे तेच चार-पाच जण, हा अनुभव बहुतेकांना आहे.

शिवाय ट्रेंडच्या यादीत वर येण्यासाठी एखाद्या शब्दाची एकूण संख्या जितकी महत्त्वाची असते, त्याहून त्याची अल्पावधीतली वाढ महत्त्वाची ठरते. त्यामुळे ठरावीक वेळी ठरावीक हॅशटॅग घेऊन काही हजार खाती एकदम लिहू लागली, की तो शब्द यादीत चढतो. यादीत चढला की समर्थन करणारे, विरोध करणारे आणि हे काय चालले आहे असे विचारणारे, असे सगळेच तो वापरतात आणि त्याला आणखी वर नेतात. बहिष्काराच्या विरोधात लिहिलेले ट्वीटही मोजणीत बहिष्काराच्याच खात्यात जमा होते.

येथपर्यंतचा पुरावा दुसऱ्या स्पष्टीकरणाला बळ देतो. तरीही सव्वा टक्क्याचा गलका म्हणून त्याची वासलात लावणे घाईचे ठरेल, कारण तो सव्वा टक्क्यापुरता राहात नाही. ट्विटरवरून तो वाहिन्यांवर जातो, वाहिनीवरून कात्रण होऊन ५३ कोटींच्या व्हॉट्सअ‍ॅपवर येतो आणि ज्या घरात कोणाचेही ट्विटर खाते नाही, तिथे जेवणाच्या ताटावर त्याची चर्चा होते. फरक एवढाच, की तिथे पोहोचेपर्यंत ती मोहीम राहिलेली नसते, बातमी झालेली असते. आणि बातमी ऐकणारा माणूस स्वतःचे आधीपासूनचे मत घेऊनच ती ऐकतो. ते मत काय होते, हा पुढचा प्रश्न.

घरातले मत

प्यूनेच भारतातील धर्म या विषयावर एक मोठे सर्वेक्षण केले होते. १७ नोव्हेंबर २०१९ ते २३ मार्च २०२० या काळात, म्हणजे देशव्यापी टाळेबंदी जाहीर होण्याच्या आदल्या दिवसापर्यंत, १७ भाषांत २९,९९९ प्रौढांच्या समोरासमोर मुलाखती घेतल्या गेल्या. अहवाल जून २०२१ मध्ये आला. या सर्वेक्षणाचे आपल्या दृष्टीने मोल असे, की तनिष्कची जाहिरात येण्यापूर्वीच उत्तरे नोंदली गेली होती. वादाची धग त्यांना लागलेली नव्हती.

खरा भारतीय असण्यासाठी सर्व धर्मांचा आदर करणे फार महत्त्वाचे आहे, असे ८४ टक्के लोकांनी सांगितले. इतर धर्मांचा आदर हा आपल्या स्वतःच्या धर्माचाच महत्त्वाचा भाग आहे, असे ८० टक्के हिंदूंनी आणि ७९ टक्के मुस्लिमांनी सांगितले. ‘खरा भारत असा नाही’ म्हणणाऱ्यांना हवा असलेला आकडा इथे मिळतो. पण त्याच मुलाखतींत आपल्या धर्मातल्या स्त्रियांना परधर्मात लग्न करण्यापासून रोखणे फार महत्त्वाचे आहे, असे ६७ टक्के हिंदू आणि ८० टक्के मुस्लिम म्हणाले. पुरुषांच्या बाबतीत हेच प्रमाण अनुक्रमे ६५ आणि ७६ टक्के होते. विवाहितांपैकी ९९ टक्क्यांचा जोडीदार स्वधर्मीय होता. शेजारी म्हणून मुस्लिम कुटुंब चालणार नाही, असे ३६ टक्के हिंदूंनी सांगितले. म्हणजे बहुसंख्यांना निदान शेजाराची अडचण नव्हती. प्रदेशागणिक फरक मोठा होता: हिंदू स्त्रियांचे आंतरधर्मीय विवाह रोखणे फार महत्त्वाचे मानणारे हिंदू मध्य भारतात ८२ टक्के होते, तर दक्षिणेत ३७ टक्के.

मराठीत या मनोवृत्तीसाठी जुना शब्द आहे: रोटी-बेटी व्यवहार. रोटीचा व्यवहार गेल्या शंभर वर्षांत पुष्कळ सैल झाला, दुकान, कार्यालय, रुग्णालय, शाळा, क्रिकेटचा संघ या ठिकाणी तो कोणाच्या लक्षातही येत नाही. ईदचा शीरखुर्मा आणि दिवाळीचा फराळ एकमेकांच्या घरी जातो. बेटीचा व्यवहार मात्र उंबरठ्याच्या आतला राहिला. ज्या माणसाला प्यूच्या प्रश्नकर्त्याने दोन्ही प्रश्न विचारले, त्याला आपल्या उत्तरांत विसंगती वाटली असेल असे मला वाटत नाही. सर्व धर्म चांगले आहेत, ज्याने त्याने आपापल्या धर्माने राहावे आणि सोयरीक आपल्यात करावी, हे त्याच्या लेखी एकच मत आहे.

आता जाहिरातीकडे परत या. सर्वधर्मसमभाव हे लोकांचे आवडते मूल्य आहे, हे तिच्या निर्मात्यांनी अचूक ओळखले होते. चूक झाली ती ते मूल्य दाखवण्यासाठी निवडलेल्या दृश्यात. रोटीचे कोणतेही दृश्य चालले असते. त्यांनी बेटीचे निवडले. त्यातही सुनेच्या माहेराचा संवादात उल्लेख नाही. आपल्याकडे डोहाळजेवण म्हटले की माहेर आलेच. माहेरच्यांची ओटी, माहेरचे कौतुक, माहेर आणि सासर यांच्यातली छोटीशी चढाओढ यांशिवाय तो समारंभ पुरा होत नाही. दोन घरांनी हे लग्न कसे स्वीकारले, कोण किती दिवस रुसले होते, कोणी कोणाची समजूत घातली, हे सगळे प्रश्न जाहिरातीने सुटलेले धरले आणि गोडवा तेवढा दाखवला. पाऊण मिनिटात दुसरे काय दाखवणार, असे म्हणता येईल, आणि ते खरेही आहे; पण प्रेक्षकाच्या मनातला मुख्य प्रश्नच वगळला, की उरलेली जागा तो स्वतःच्या शंकांनी भरतो.

म्हणून ‘मूठभर लोकांनी बहुसंख्यांवर आपले मत लादले’ हे वर्णन या प्रकरणाला लागू पडत नाही. लग्नाच्या मूळ प्रश्नावर हॅशटॅग चालवणारे आणि घरातले बहुसंख्य, मग ते घर हिंदू असो वा मुस्लिम, एकमेकांपासून फार दूर नव्हते. ज्यांना समाजमाध्यमांवरचा द्वेष खटकतो, त्यांनी ही अडचणीची गोष्ट मान्य केल्याशिवाय पुढचे विवेचन प्रामाणिक होणार नाही.

मत आणि त्याची किंमत

फरक आहे तो दुसरीकडे. आंतरधर्मीय विवाह आपल्या घरात नको, असे मत असणे आणि त्या मतापायी आपली महिनोन्महिने ठरवलेली खरेदी रद्द करणे, यांत मोठे अंतर आहे. सोने घेणारे कुटुंब काय पाहते? घडणावळ किती टक्के लागते, मोड परत घेताना घट किती धरतात, हॉलमार्क आहे का, लग्न किती दिवसांवर आहे आणि आत्या मागच्या वेळी कुठून घेऊन आली होती. अनेकांनी दरमहा हप्ता भरून वर्षाअखेरीस दागिना घेण्याच्या योजनेत पैसे आधीच गुंतवलेले असतात. ज्याने आठ हप्ते भरले आहेत, तो नवव्या महिन्यात हॅशटॅग वाचून पेढी बदलत नाही. फार तर जाहिरातवाल्यांना दुसरे काही सुचले नाही का, असे म्हणतो आणि नववा हप्ता भरतो.

आकडे काय सांगतात? ऑक्टोबर ते डिसेंबर २०२० या तिमाहीत, कच्च्या सोन्याची विक्री वगळता, टायटनच्या दागिने विभागाचे उत्पन्न आदल्या वर्षीच्या त्याच तिमाहीपेक्षा सुमारे १६ टक्क्यांनी वाढले. समभागाचा भाव वर्ष संपेपर्यंत १३ ऑक्टोबरच्या पातळीच्या बराच वर गेला होता. यावरून बहिष्काराने विक्री वाढली, असा उफराटा निष्कर्ष काढायचा नाही. सोन्याचा भाव त्या वर्षी चढलेला होता, टाळेबंदीत लांबलेली लग्ने आणि अडलेली खरेदी त्या हंगामात मोकळी झाली आणि संघटित पेढ्यांकडे ग्राहकांचा ओघ आधीपासूनच वाढत होता. जाहिरात मागे घेतली नसती तर काय झाले असते, हेही या आकड्यांतून कळत नाही. एवढे मात्र नक्की, की ज्या समाजाच्या नावाने बहिष्कार पुकारला होता, त्या समाजाने दसरा-दिवाळीला दुकानाकडे पाठ फिरवली नाही.

मग कंपनी कशाला घाबरली? ग्राहकांच्या मताला नव्हे आणि विक्रीलाही फारसे नव्हे. तिची भीती काचेची होती. तनिष्कची तेव्हा तीनशेहून अधिक दुकाने देशभर पसरलेली होती, त्यांतली अनेक स्थानिक व्यापाऱ्यांनी भागीदारीत चालवलेली आहेत, प्रत्येकावर तीच ठळक पाटी आहे, समोर काच आहे आणि आत कोट्यवधींचा माल व पगारावर काम करणारी तरुण मुले-मुली आहेत. शंभर शहरांतल्या लाखो लोकांनी मनातल्या मनात नाराज होण्याने कंपनीचे काही बिघडत नाही. एका शहरातल्या वीस जणांनी दगड उचलण्याने बिघडते. लोकमताच्या चाचणीत या वीस जणांचा टक्का शून्याच्या पुढे जाणार नाही. जाहिरात मागे घेण्याच्या निर्णयात मात्र वजन त्यांच्याच शक्यतेला होते.

हे अनुमान ताडून पाहण्यासाठी दीड वर्ष आधीचे एक प्रकरण हाताशी आहे. २०१९ च्या होळीपूर्वी हिंदुस्थान युनिलिव्हर या मुंबईतल्या कंपनीने सर्फ एक्सेलची एक जाहिरात दाखवली. सायकलवरची एक छोटी मुलगी गल्लीतल्या पोरांचे सगळे रंग स्वतःच्या अंगावर झेलून संपवते आणि मग पांढऱ्या कपड्यांतल्या आपल्या मुस्लिम मित्राला नमाजासाठी मशिदीपर्यंत सोडते. याही वेळी बहिष्काराचा हॅशटॅग चालला, ‘लव्ह जिहाद’चा आरोप दोन लहान मुलांवर झाला आणि संतापाच्या भरात काही जणांनी मायक्रोसॉफ्ट एक्सेल या हिशेबाच्या अ‍ॅपला प्ले स्टोअरवर एक तारा देऊन जाब विचारला. सांस्कृतिक झगड्यांच्या इतिहासात आकडेमोडीच्या तक्त्याला धर्मद्रोही ठरवल्याची दुसरी नोंद बहुधा नसावी. कंपनीने जाहिरात मागे घेतली नाही आणि प्रकरण होळीबरोबर विझले.

दोन्ही प्रकरणांत हॅशटॅग सारखाच, आरोप सारखाच, निकाल मात्र वेगळा. याचा एक भाग विषयात आहे, कारण लहान मुलांची मैत्री रोटीच्या बाजूला पडते, बेटीच्या नव्हे. दुसरा भाग मला वस्तूच्या विक्रीच्या पद्धतीत दिसतो. धुण्याची पावडर लाखो किराणा दुकानांतून, इतर शंभर वस्तूंच्या मधोमध बसून विकली जाते. तिचे स्वतःचे दुकान नाही, म्हणून तिची फोडण्यासारखी काचही नाही. कोपऱ्यावरच्या वाण्याला तुम्ही सर्फ ठेवता म्हणून माफीनामा लावा असे कोणी सांगितले, तर तो सांगणाऱ्याच्याच उधारीची वही काढेल.

बहिष्कार हा शब्द

या मोहिमांना आपण बहिष्कार म्हणतो, तेव्हा एका जड शब्दाचा हलका वापर करतो, असे मला वाटते. महाराष्ट्राला खरा बहिष्कार ठाऊक आहे. धोंडो केशव कर्वे यांनी मार्च १८९३ मध्ये गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला आणि कोकणातल्या त्यांच्या मुरुड गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. गावचा बहिष्कार म्हणजे पंक्तीला बोलावणे बंद, घरी येणे-जाणे बंद, आप्तांनीही संबंध तोडायचे, आणि तो कोण पाळतो व कोण मोडतो यावर सगळ्या गावाचे लक्ष. जातपंचायतींच्या रूपाने हा प्रकार इतका टिकून राहिला, की राज्याला सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी त्यात शिक्षा आहे.

त्या बहिष्काराचे बळ परस्परांवरच्या पाळतीत होते. हॅशटॅगचा बहिष्कार पाळला की नाही, हे तपासणारे कोणी नसते. सकाळी तो पुढे पाठवणारा संध्याकाळी त्याच दुकानातून बायकोसाठी नथ घेऊन आला, तरी त्याला जाब विचारणारी पंगत नाही. त्यामुळे अशा बहिष्कारात मत उघड आणि वर्तन खासगी राहते. गावच्या बहिष्कारात नेमके उलटे होते: कर्व्यांविषयी मनातून सहानुभूती असणारी माणसे मुरुडात नसतील असे नाही, पण त्यांना मत खासगी ठेवून वर्तन उघडपणे गावासारखे करावे लागले. मुरुडची मोजणी केली असती, तर बहिष्काराला वास्तवापेक्षा जास्त पाठिंबा दिसला असता. हॅशटॅगची मोजणी केली, तरी तसाच जास्त दिसतो. कारणे मात्र एकमेकांच्या विरुद्ध टोकांना आहेत.

कर्व्यांची आठवण अगदीच आगंतुक नाही. याच तनिष्कने २०१३ मध्ये पुनर्विवाहाची जाहिरात केली होती. सावळी वधू, तिची लहान मुलगी, आणि सप्तपदी चालू असताना त्या मुलीलाही कडेवर घेणारा वर. त्या जाहिरातीचे भरभरून कौतुक झाले. विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा. म्हणजे कायदा होऊन दीडशेहून अधिक वर्षे, कर्व्यांच्या लग्नाला एकशे वीस वर्षे उलटून गेल्यावर हा विषय जाहिरातीत गोड दिसू लागला. आंतरधर्मीय विवाहाला आधार देणारा विशेष विवाह कायदा १९५४ चा आहे आणि त्यात आजही तीस दिवसांच्या जाहीर नोटिशीची अट आहे. ज्या बदलाला घरांनी आतून मान्यता दिलेली असते, त्याची जाहिरात चालते. जो बदल अजून न्यायालयांत, पोलिस ठाण्यांत आणि माजघरांत लढला जात आहे, त्याची जाहिरात हे एका बाजूला उभे राहणे ठरते, मग करणाऱ्याला ते कळो वा न कळो.

कोणते मत पेटते

एक शंका उरते. समाजमाध्यमांवरचा वाद घरातल्या मताचेच तापलेले रूप असेल, तर घरात जी जी मते इतकीच पक्की आहेत, ती सगळी अशीच पेटायला हवीत. तसे होत नाही. प्यूच्या त्याच सर्वेक्षणात स्त्रियांना जातीबाहेर लग्न करण्यापासून रोखणे फार महत्त्वाचे आहे, असे ६४ टक्के भारतीयांनी सांगितले होते, आणि पुरुषांच्या बाबतीत ६२ टक्क्यांनी. धर्माबाहेरच्या लग्नाविषयीच्या हिंदूंच्या आकड्यांपासून हे तीनच टक्के दूर आहे. रोज कुठल्या ना कुठल्या घरात जातीवरून सोयरीक मोडते, वधू-वर सूचक मंडळांच्या याद्या अजूनही जातवार छापल्या जातात. तरीही आंतरजातीय विवाह दाखवला म्हणून एखाद्या ब्रँडविरुद्ध देशव्यापी हॅशटॅग चालल्याचे मला आठवत नाही. मत तितकेच पसरलेले, पण त्यावर मोहीम उभी राहात नाही. कारण ती उभी करणाऱ्याला आपल्याच बाजूची माणसे दोन गटांत विभागावी लागतील. कोणते घरगुती मत सार्वजनिक रणांगणात आणायचे, याची निवड घर करत नाही.

ही निवड ट्विटरपुरती राहिली असती, तर तिचे एवढे महत्त्व नव्हते. महाराष्ट्र शासनाच्या महिला व बालविकास विभागाने १३ डिसेंबर २०२२ रोजी एक शासन निर्णय काढून राज्यस्तरीय ‘आंतरजातीय/आंतरधर्मीय विवाह-परिवार समन्वय समिती’ नेमली. अशा विवाहांची आणि त्यांतल्या मुलींच्या माहेरशी असलेल्या संबंधांची माहिती घेणे, हे तिचे काम होते. जात आणि धर्म हे दोन्ही शब्द शीर्षकात शेजारी शेजारी होते, जसे ते माजघरात असतात. आंतरजातीय विवाह करणाऱ्या जोडप्यांना शासन स्वतःच पन्नास हजार रुपयांचे प्रोत्साहनपर अनुदान देते, हे लक्षात आणून देणारी टीका लगेच सुरू झाली. काही दिवसांतच दुरुस्ती निघाली, समितीच्या नावातून ‘आंतरजातीय’ हा शब्द गळला आणि ‘आंतरधर्मीय’ राहिला.